पॅड बदलले, डिस्क बदलल्या, तरी ब्रेकवर भरवसा का बसत नाही?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. सात आसनी डिझेल एसयूव्ही, सात वर्षं जुनी, ९०,००० किलोमीटर झालेली. गेल्या चौदा महिन्यांत पुढचे पॅड दोनदा बदलले, डिस्क एकदा नव्या टाकल्या, पुढे त्याच डिस्क लेथवर घासून घेतल्या आणि शेवटी मास्टर सिलिंडरही (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग) बदलला. तरी तीन तक्रारी उरल्यात. ताशी ८० च्या वर ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरतं. डिस्क बदलल्यावर ही थरथर गेली होती, पाच-सहा हजार किलोमीटर झाल्यावर परत आली. दुसरी, खराब रस्त्यावरून किंवा जोरात वळण घेऊन आलं की पहिला ब्रेक खोल जातो, लगेच पुन्हा दाबला तर नीट लागतो. तिसरी, गाडी अगदी थांबत आली की पेडल पायाखाली गुरगुरतं आणि गाडी हातभर पुढे सरकते. वर्कशॉपचं म्हणणं, 'स्कॅनरवर काही येत नाही, या मॉडेलचे ब्रेक असेच.' त्याच मॉडेलचे आणखी चार मालक ब्रेकला कंटाळलेत, तेव्हा गाडी काढून टाकावी का, असं तुम्ही विचारलंय.

इतक्यात काढू नका. पंचवीस वर्षं मी ब्रेकचंच काम करतोय. तुम्ही तक्रारी इतक्या नेमक्या लिहिल्यात की माझं निम्मं काम झालंय. या तिन्ही एकाच जागेकडे बोट दाखवतात आणि त्या जागेला चौदा महिन्यांत कुणी हात लावलेला दिसत नाही. ती म्हणजे पुढच्या एका चाकाचा हब (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला भाग) आणि त्यातलं बेअरिंग. मोजून पाहीपर्यंत हा अंदाजच, पण मी पैज लावली तर यावर लावेन.

थरथरीपासून सुरुवात करतो. 'डिस्क वाकली' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. गरम होऊन डिस्क ताटलीसारखी वाकडी होते, असं बहुतेकांना वाटतं. मलाही पहिली काही वर्षं तसंच वाटायचं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, ती कुठे जाड आणि कुठे पातळ झालेली असते. डिस्क बसते हबवर. हबचा चेहरा, म्हणजे डिस्क टेकते ती सपाट बाजू, किंचित डोलत असेल किंवा डिस्क आणि हबच्या मध्ये गंजाची एक कपची अडकली असेल, तर डिस्क फिरताना डोलते. ब्रेक दाबलेला नसतानाही दर फेरीला तिची तीच जागा पॅडला घासून जाते. असं हजारो किलोमीटर चाललं की ती जागा पातळ होते. मग ब्रेक दाबला असताना जाड भाग आला की पॅड ढकलणारा पिस्टन मागे रेटला जातो, पातळ भाग आला की पुढे येतो. ताशी ८० ला एसयूव्हीचं चाक सेकंदाला साधारण दहा फेऱ्या मारतं. तेवढे धक्के स्टीअरिंगला बसतात.

हा फरक किती बारीक असतो, ते आकड्यांत सांगतो. डिस्कच्या जाडीत जेमतेम ०.०१५ मिलिमीटरचा फरक पडला तरी पायाला आणि हाताला जाणवतो. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे हा फरक त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. डिस्क डोलण्याची मर्यादा बऱ्याच गाड्यांना ०.०५ मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते. डोळ्याला किंवा बोटाला यातलं काहीही कळत नाही. डोल मोजायला डायल गेज आणि जाडी मोजायला मायक्रोमीटर लागतो. तुमच्या एकाही बिलावर मला आकडा दिसला नाही. सगळीकडे 'चेक केले, ओके' एवढंच.

तुमची थरथर जाऊन परत का आली, तेही यातच आलं. नवी डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची होती, म्हणून थरथर गेली. हब मात्र डोलतच राहिला. पाच-सहा हजार किलोमीटरमध्ये त्याने नवी डिस्कही जुनीसारखी करून ठेवली. डिस्क लेथवर घासली तेव्हा लेथचा मध्य धरून ती सरळ झाली, गाडीवर चढवल्यावर पुन्हा त्याच डोलणाऱ्या हबवर बसली. गाडीवर असतानाच डिस्क घासणारं यंत्रही असतं. ते थोडा डोल झाकून टाकतं, पण बेअरिंगच ढिलं असेल तर त्याचाही इलाज चालत नाही.

शिकाऊ होतो तेव्हा एका गाडीला मी आठ महिन्यांत तीनदा डिस्क घातल्या. तिसऱ्या वेळी एका जुन्या मेस्त्रीने माझ्या हातातून नवी डिस्क काढून बाजूला ठेवली, तारेचा ब्रश घेऊन हबचा चेहरा घासला आणि नखाएवढी गंजाची खपली माझ्या तळहातावर ठेवली. बोलले काहीच नाहीत. त्या गाडीच्या मालकाने दोन जोड डिस्कचे पैसे माझ्या अज्ञानापायी भरले होते.

आता पहिला ब्रेक खोल जाण्याबद्दल. कॅलिपर म्हणजे डिस्कवर बसलेला, पॅड दाबणारा चिमटा. त्यातल्या पिस्टनला एक चौकोनी छेदाची रबरी सील असते. ब्रेक सोडला की ती पिस्टनला मिलिमीटरच्या दशांशाएवढं मागे खेचते, जास्त नाही. पॅड डिस्कच्या जवळच राहतो, म्हणून पुढच्या वेळी पेडल लगेच धरतं. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर वळणावर किंवा खड्ड्यात चाक किंचित कलतं, डिस्क पॅडला ढकलते आणि पिस्टन हवा त्यापेक्षा आत जातो. पुढच्या वेळी पेडल आधी ती फट भरतं, मग ब्रेक लावतं. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत फट भरलेली असते. तुमच्या तक्रारीतला 'खराब रस्ता किंवा वळण झाल्यावर' हा तुकडा म्हणूनच सगळ्यात मोलाचा आहे.

'पेडल खाली जातं' एवढंच ऐकलं की मास्टर सिलिंडर बदलायचा, ही सवय फार पसरलीय. मास्टर सिलिंडर आतून गळत असेल तर त्याची खूण वेगळी असते. गाडी उभी, इंजिन चालू, पाय पेडलवर हलक्या पण स्थिर दाबाने ठेवलाय आणि पेडल हळूहळू तळाकडे सरकतंय. बाहेर थेंबभरही ऑइल दिसत नाही, टाकीतली पातळी तीच. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम असतील आणि लायनर आपोआप जवळ आणणारा ॲडजस्टर अडकला असेल, तरीही पहिलं पेडल खोल जातं. पण ते रोज, प्रत्येक वेळी जातं, रस्ता बघून नाही. लाइनमध्ये हवा असेल तर पेडल स्पंजसारखं लागतं आणि चार-पाचदा मारल्यावर घट्ट होतं. चार रोग, चार खुणा. बिलावर मात्र चारही 'ब्रेक लूज' या एकाच नावाने येतात.

तिसरी तक्रार एबीएसची, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची. आजकालच्या पुष्कळ गाड्यांत चाकाचा वेग मोजणारं चुंबकीय कडं बेअरिंगच्या सीलमध्येच बसवलेलं असतं आणि त्याच्यासमोर अगदी थोड्या अंतरावर सेन्सर असतो. बेअरिंग ढिलं झालं की हे अंतर कमीजास्त होतं आणि मंद वेगात सिग्नल तुटक होतो. एबीएसला वाटतं चाक जाम झालं. ते बिचारं आपलं काम करतं, त्या चाकाचा दाब सोडतं. पायाखाली पेडल गुरगुरतं, गाडी पुढे सरकते, कोरड्या रस्त्यावरसुद्धा. सिग्नल पूर्ण गेलेला नसल्याने दिवा लागत नाही आणि स्कॅनरवर दोषाचा कोडही येत नाही. तेव्हा 'काही येत नाही' हे वर्कशॉपचं वाक्य खोटं नव्हतं. त्यांनी फक्त कोड पाहिले. चारही चाकांचा वेग चालत्या गाडीत स्कॅनरवर बघायला हवा होता. मोकळ्या जागेत ताशी वीसवरून हळूहळू थांबायचं, शेजारी बसलेल्याने आकडे बघायचे. तीन चाकं पाच दाखवतायत आणि एक आधीच शून्यावर गेलंय, असं दिसलं की चोर सापडला. २००५ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत १९९९ ते २००२ च्या सुमारे ८ लाख पिकअप आणि एसयूव्ही परत बोलावल्या होत्या त्या याच जातीच्या दोषासाठी. पुढच्या हबवर सेन्सरच्या जागी गंज चढत होता आणि थांबताना विनाकारण एबीएस लागत होतं.

(यावर एबीएसचा फ्यूज काढून ठेवणारे महाभाग मला भेटलेत. गुरगुर बंद होते हे खरं. ओल्या रस्त्यावर चाकं जाम होऊन गाडी भलतीकडे गेली की फ्यूजची आठवण येते.)

बेअरिंग तपासायला फारसं काही लागत नाही. पुढची बाजू उचलून स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. चाक वर आणि खाली धरून आतबाहेर हलवा. खट्खट् जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक धरल्यावर खेळ गेला तर दोष बेअरिंगमध्ये, तरीही राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचा दुसरा सांधा. बेअरिंग खराब होत आलं की चालत्या गाडीत घूं असा आवाजही येतो आणि एका बाजूच्या वळणावर तो वाढतो. पुष्कळजण तो टायरचा आवाज समजून सोडून देतात. हाताला खेळ लागला नाही म्हणून बेअरिंग निर्दोष ठरलं असं मात्र नाही, हबच्या चेहऱ्यावर डायल गेज लावायचाच.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती आठवून पाहा. डिस्क बदलल्यानंतर टायरची अदलाबदल किंवा पंक्चरचं काम झालं का? नट हवेच्या गनने एकामागून एक कसकसून आवळले की हब आणि डिस्क एका बाजूला ताणली जाते. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या आकड्याला आवळायचे असतात. निव्वळ एवढ्याने थरथर सुरू झालेल्या गाड्या मी पाहिल्यात.

आता त्या चार मालकांबद्दल. त्यांचे अनुभव तुम्ही जसे दिलेत त्यावरून सांगतो, त्या चौघांचा आजार एक नाही. मॉडेल एक असल्यामुळे तो एक वाटतोय.

ज्या दोघांचं पेडल सकाळी दगडासारखं लागतं, त्यांनी पॅडवर खर्च थांबवावा. डिझेल गाडीत बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) लागणारा व्हॅक्यूम वेगळा पंप तयार करतो. तो थकला, त्याची नळी चिरली किंवा बूस्टरचा वन-वे व्हॉल्व्ह गेला की पेडल कडक होतं. इंजिन बंद करून पेडल सहा-सात वेळा मारा, कडक होईल. तसंच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. बूस्टर ठीक असेल तर पेडल पायाखाली थोडं खाली जातं. नाही गेलं, तर दोष कुठे शोधायचा ते ठरलं. २०१९ मध्ये जनरल मोटर्सनेच अमेरिकेत ३४ लाखांहून जास्त मोठ्या पिकअप आणि एसयूव्ही परत बोलावल्या, कारण व्हॅक्यूम पंपाची ताकद वापराबरोबर कमी होत होती. २०२२ मध्ये मर्सिडीजने जगभरातून जवळपास १० लाख जुन्या गाड्या बोलावल्या, त्यात एमएल आणि जीएल या एसयूव्हीही होत्या. तिथे बूस्टरच्या डब्याच्या जोडापाशी गंज होता. त्या गाड्या तपासणी होईपर्यंत चालवूच नका, असं अमेरिकेतल्या मालकांना सांगितलं होतं. २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया मिळून अमेरिकेत सुमारे ३४ लाख गाड्या, कारण एबीएस युनिटमध्ये ब्रेक ऑइल आतल्या आत गळून शॉर्ट सर्किटने आग लागण्याचा धोका. या तिन्ही प्रकरणांत पॅड आणि डिस्क निर्दोष होत्या. म्हणून 'या मॉडेलचे ब्रेक असेच' हे ऐकल्यावर पहिलं काम म्हणजे कंपनीच्या वेबसाइटवर चॅसी नंबर टाकून आपल्या गाडीवर रिकॉल बाकी आहे का ते बघणं. असलाच तर दुरुस्ती फुकट होते आणि 'असेच' हा शब्द कागदावर टिकत नाही.

ज्यांचे ब्रेक लांब उतारावर गाडी भरलेली असताना गेले, त्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे यंत्रापेक्षा गणित आडवं येतं. सात माणसं आणि सामान धरून २,६०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवायची म्हणजे सुमारे १० लाख जूल ऊर्जा उष्णता करून टाकायची. तीन लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला जवळपास तेवढीच लागते, आणि इथे काम काही सेकंदांत उरकायचं असतं. तीच गाडी फक्त ब्रेकवर धरून ५०० मीटर उंचीचा उतार उतरवली तर याच्या बारा-तेरा पट उष्णता त्याच चार चाकांत ओतली जाते. पॅड तापून घसरायला लागतात ते एक. दुसरं जास्त वाईट, ते ऑइलचं. आपण ब्रेक ऑइल म्हणतो खरं, पण नेहमीच्या डॉट ३, डॉट ४ मध्ये खनिज तेल नसतं. ते ग्लायकॉल जातीचं द्रव आहे आणि हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी शिरल्यावर तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. जुनं ऑइल कॅलिपरमध्ये उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ तळाला जातं. अर्ध्या तासाने गाडी थंड झाली की सगळं ठीक! वर्कशॉपला काहीच सापडत नाही आणि मालकाला कुणी खरं मानत नाही. यावर उपाय म्हणजे ऑइल साधारण दर दोन वर्षांनी पूर्ण बदलणं आणि उतरताना गिअर खाली घेऊन वेग इंजिनावर धरणं. ऑटोमॅटिकमध्येही मॅन्युअल मोडवर ते होतं.

चौथ्यांची गाडी एका बाजूला ओढते आणि प्रवासानंतर एक चाक तापलेलं असतं. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना अडकल्या असतील, तर आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा निम्मा दिसेल. दोन्ही सारखे झिजले असून चाक तापत असेल तर पिस्टन किंवा होज, म्हणजे कॅलिपरला ऑइल नेणारी रबरी नळी. होज बाहेरून धडधाकट, आतून सुजलेला, असं होतं. दाब जातो, परत येत नाही. कॅलिपर काढून होजवर लोंबकळत ठेवायची वाईट खोड यामागे असू शकते.

दुरुस्तीतल्या चुका सांगायला बसलो तर रात्र होईल. दोनच सांगतो, कारण तुमच्या गाडीला त्या भोवू शकतात. पॅड झिजतात तशी टाकीतल्या ऑइलची पातळी आपोआप उतरते. ती बघून वरून ऑइल ओतलं की झीज झाकली जाते, आणि नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलले की ऑइल टाकीबाहेर सांडून रंग खातं. दुसरं, मागच्या कॅलिपरवर बटणाचा हँडब्रेक असेल तर स्कॅनरने तो सर्व्हिस मोडवर टाकल्याशिवाय पिस्टन रेटायचा नाही. क्लॅम्प लावून जबरदस्ती केली की आतली यंत्रणा मोडते आणि नव्या कॅलिपरचं बिल गळ्यात पडतं.

वर्कशॉपमध्ये जाताना 'ब्रेक बघा' म्हणू नका. तीन तक्रारी जशा मला लिहिल्यात तशाच, कोणत्या वेगाला आणि कशानंतर, हे कागदावर लिहून द्या आणि मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारा. मग जॉब कार्डवर आकडे लिहून मागा. दोन्ही पुढच्या हबचा डोल, डिस्कची जाडी आठ जागी मोजून, प्रत्येक पॅड आतला आणि बाहेरचा वेगळा, ऑइलमधलं पाणी, चार चाकांचा मंद वेगातला सिग्नल. डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेली असते, तीही शेजारी लिहायला सांगा. आकडे द्यायला कुरकुर झाली तर दुसरं वर्कशॉप शोधा. तोवर गाडी कमीत कमी आणि कमी वेगात चालवा, वळणदार रस्त्यावर भरून नेऊ नका. बेअरिंगचा आवाज वाढला, किंवा पेडल दुसऱ्या दाबालाही खोल जायला लागलं, तर गाडी चालवत न्यायची नाही, उचलून न्यायची.

दोष बेअरिंगमध्येच निघाला तर नवं बसवताना चुंबकीय कड्याची बाजू सेन्सरकडे आहे ना, ते बघायला सांगा. उलटं बसलं की एबीएसला सिग्नलच मिळत नाही आणि मग दिवा लागतो. एक्सलचा नट नवा घ्यायचा आणि टॉर्कला आवळेपर्यंत गाडीचं वजन त्या चाकावर टाकायचं नाही. त्याच वेळी डिस्क पुन्हा बदलाव्या लागतील, हे ऐकून तुम्ही वैतागाल, पण जाडपातळ झालेली डिस्क चांगल्या हबवरही थरथरणारच. पॅडही नवे, दोन्ही बाजूंचे. नंतर पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून पहिल्याच दिवशी दहा-बारा वेळा ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा, मध्ये थोडं चालू द्या आणि तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी ठेवू नका. ऑइल बदलायचं की नाही ते त्यातलं पाणी मोजून ठरवा, मास्टर सिलिंडर टाकताना ते पूर्ण बदललं असेलच असं नाही. तो जुना मास्टर सिलिंडर बहुधा ठणठणीत होता.